कल्चरमध्ये स्टॅफ आला म्हणजे अँटिबायोटिक लागेलच असं नाही : मुलांचा इसब आणि त्वचेवरचे जिवाणू

मुलाचा इसब आटोक्यात येत नाही म्हणून चट्ट्यावरून स्वॅब, म्हणजे कापसाच्या बोळ्याने नमुना, घेतला जातो आणि त्याचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून तपासणी, होते. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो: 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ), भरपूर वाढ'. खाली अँटिबायोटिकांची यादी आणि कोणतं चालेल, कोणतं चालणार नाही याची नोंद. इतकं नेमकं कागदावर दिसलं की वाटतं, सापडलं कारण. आता आठवडाभर औषध दिलं की सुटलो. प्रत्यक्षात या रिपोर्टने नवीन असं फारसं काही सांगितलेलं नसतं.

ॲटोपिक डर्माटायटिस, म्हणजे मुलांमध्ये सर्रास दिसणारा इसब, असलेल्यांच्या त्वचेवर हा जिवाणू बहुतेक वेळा असतोच. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१६ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर, ३९ टक्के रुग्णांच्या वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर आणि ६२ टक्के रुग्णांच्या नाकात तो सापडला. इसब जितका तीव्र, तितकी तो सापडण्याची शक्यता जास्त. म्हणजे स्वॅब न घेताही 'तिथे स्टॅफ असेल' असं म्हटलं, तर बहुतेकदा ते बरोबरच ठरेल. तो तिथे नुसता राहतोय की त्याने त्वचेत शिरून संसर्ग केलाय, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कल्चर देत नाही, मुलाची त्वचा आणि मुलाची अवस्था देते.

तो तिथेच का ठाण मांडतो, हे कळलं की उपचारांचा क्रम आपोआप लागतो. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते तुटून जे घटक तयार होतात ते पाणी धरून ठेवतात आणि ही आम्लताही टिकवतात. २००६ साली डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की फिलॅग्रिनच्या जनुकातले दोष हे इसबाच्या प्रवृत्तीमागचं एक मोठं कारण आहे. फिलॅग्रिन कमी पडलं की त्वचा कोरडी पडते, पीएच चढतो, आणि उदासीन पीएचच्या आसपास स्टॅफ ऑरियस जोमाने वाढतो. जनुक ठीक असलं तरी सुटका नाही, कारण इसबातली सूजसुद्धा फिलॅग्रिनचं उत्पादन दाबते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्वचेच्या पेशी स्वतः जिवाणूनाशक प्रथिनं बनवतात. सोरायसिसमध्येही त्वचेचं आवरण बिघडलेलं असतं, तरी त्या चट्ट्यांमध्ये जिवाणूंचा संसर्ग क्वचित होतो, कारण तिथे ही प्रथिनं भरपूर असतात. इसबाच्या चट्ट्यांत ती खूपच कमी असतात. इसबातली सूज इंटरल्यूकिन ४ आणि १३ या संदेशवाहक रेणूंमुळे होते आणि हेच रेणू त्या प्रथिनांचं उत्पादन रोखतात. थोडक्यात, जी सूज खाज आणते तीच त्वचेची जिवाणूंविरुद्धची शस्त्रं काढून घेते. त्यात भर म्हणजे स्टॅफ ऑरियसच्या पृष्ठभागावर चिकटण्यासाठी खास प्रथिनं असतात आणि इसबाच्या त्वचेतल्या वरच्या पेशींवर ती घट्ट बसतात.

बसल्यावर तो स्वस्थ राहत नाही. त्याचं डेल्टा टॉक्सिन हे विष मास्ट पेशींना, म्हणजे सूज आणि खाज आणणारी रसायनं साठवणाऱ्या पेशींना, फुटायला लावतं. २०१३ साली हे उंदरांवरच्या प्रयोगांत सिद्ध झालं. काही जातकुळी सुपरअँटिजेन नावाची विषं सोडतात, त्यामुळे रोगप्रतिकारक टी पेशी एकदम मोठ्या संख्येने चेततात. २०२३ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: या जिवाणूचं व्ही-८ नावाचं प्रथिनभंजक विकर त्वचेतल्या चेतातंतूंवरच्या पार-१ या ग्राहकाला (रिसेप्टरला) थेट चेतवतं आणि खाज सुटते. मधे सूज असावीच लागते असं नाही. मूल खाजवतं, त्वचा फाटते, जिवाणूला आणखी जागा मिळते, सूज वाढते, जिवाणूनाशक प्रथिनं आणखी घटतात.

मग आधी काय होतं, जिवाणू की इसब? तान्ह्या बाळांवरच्या अभ्यासांची उत्तरं जुळत नाहीत. एका अभ्यासात इसब दिसण्याआधीच्या महिन्यांत त्वचेवर स्टॅफ ऑरियस जास्त आढळला. दुसऱ्यात तसं दिसलं नाही. उलट ज्या बाळांच्या त्वचेवर दोन महिन्यांच्या वयात स्टॅफच्या निरुपद्रवी जाती जास्त होत्या, त्यांच्यात एक वर्षाच्या वयाला इसब कमी होता. इसब एकदा जडला की मात्र हा वाद मागे पडतो, कारण चक्र कुठूनही तोडता येतं. फक्त ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात टिकाऊ कुठे तुटतं, ते पाहायचं.

ते सुजेपाशी तुटतं. अमेरिकेत हायडी काँग आणि ज्युलिया सेग्री यांच्या गटाने इसब असलेल्या मुलांच्या त्वचेवरचे जिवाणू वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासले आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. इसब उफाळला की त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता कोसळत होती आणि स्टॅफचा वाटा वाढत होता. इसब शांत झाला की विविधता परत येत होती. ज्यांचे उपचार चालू होते, त्यांच्यात उफाळलेल्या काळातही विविधता बरीच टिकून होती. नुसतं स्टिरॉइड मलम नीट लावलं तरी चट्ट्यांवरचा स्टॅफ घटतो, हे त्याही आधीपासून माहीत होतं. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन ४ आणि १३ चे संदेश अडवतं. ते अँटिबायोटिक नाही, तरी त्यानेही त्वचेवरचा स्टॅफ कमी होतो आणि विविधता वाढते.

अँटिबायोटिकची बाजू तपासणारी 'क्रीम' नावाची चाचणी ब्रिटनमध्ये झाली. इसबात संसर्ग झाल्यासारखा दिसतोय अशी ११३ लहान मुलं तिच्यात होती. संसर्ग गंभीर असलेली मुलं घेतली नव्हती. काहींना पोटातून फ्लुक्लॉक्सासिलिन, काहींना फ्युसिडिक ॲसिडचं मलम आणि काहींना नुसतं खोटं औषध (प्लासिबो) दिलं गेलं. स्टिरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर मात्र सगळ्यांना होतं. २०१७ साली निकाल आले: अँटिबायोटिकने उल्लेखनीय फायदा झाला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही हेच आहे की मूल एरवी ठीक असेल, तर संसर्गाची थोडी लक्षणं दिसली तरी अँटिबायोटिक सरसकट देऊ नये आणि पहिल्याच भेटीत स्वॅबही सरसकट घेऊ नये. अँटिबायोटिक थांबल्यावर काही आठवड्यांत स्टॅफ परत येतो: नाकातून, घरच्या माणसांकडून, मलमाच्या डबीतून. शिवाय औषध फक्त त्यालाच मारत नाही. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस हे त्याचेच भाऊबंद त्याला मारणारे पदार्थ बनवतात. तेही औषधाने जातात आणि रिकामी झालेली जागा पुन्हा ऑरियसच पटकावतो. होमिनिसची निवडक जात मलमातून लावण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यात ऑरियस घटला, पण रोजच्या वापरासाठी ते अजून आलेलं नाही.

आता रोजचं काम. इथे बहुतेक घरांत प्रमाणाची चूक होते. स्टिरॉइडची भीती वाटते म्हणून मलम पुसट लावलं जातं, चट्टा जरा फिका पडला की बंद केलं जातं, चार दिवसांत इसब परत येतो आणि 'औषध लागू पडत नाही, आत जंतू असणार' असा निष्कर्ष निघतो. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, मलमाची रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरतं. १ ते २ वर्षांच्या मुलाच्या एका पूर्ण हाताला अशी दीड पेरं आणि एका पायाला दोन पेरं लागतात. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला हाताला दोन, पायाला तीन. पेर मोठ्यांचंच मोजायचं, मुलाचं नव्हे. दिवसातून एकदा पुरतं. चेहऱ्यावर सौम्य स्टिरॉइड आणि तेही थोडेच दिवस. अंगावर डॉक्टर सांगतील त्या ताकदीचं.

थांबायचं कधी? लाली गेली म्हणून नाही. बोट फिरवल्यावर त्वचा गुळगुळीत लागली पाहिजे, जाडसरपणा आणि खाज दोन्ही गेले पाहिजेत. बहुतेक वेळा त्याला एक ते दोन आठवडे लागतात. ज्यांचा इसब त्याच त्या जागी, कोपराच्या आतल्या घडीत किंवा गुडघ्यामागच्या लवणीत, सारखा उफाळतो, त्यांना चट्टा गेल्यावरही आठवड्यातले दोन दिवस त्या जागी स्टिरॉइड लावत राहायला डॉक्टर सांगतात. डोळ्यांना चांगली दिसणारी ती जागा आतून अजून सुजलेली असते आणि मघाच्या आकडेवारीतल्या ३९ टक्क्यांचं मूळ तिथेच आहे. नाजूक जागी स्टिरॉइडऐवजी टॅक्रोलिमस या सूज कमी करणाऱ्या, स्टिरॉइड नसलेल्या औषधाचं मलमही वापरतात.

मॉइश्चरायझर भरपूर लागतं: अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम. महिन्याला शंभर ग्रॅमची एकच ट्यूब संपत असेल, तर ते कमीच पडतंय. लोशन, क्रीम, जेल की ऑइंटमेंट? ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत चारही प्रकारांमध्ये परिणामाचा फरक आढळला नाही. मूल जे लावून घेईल ते चांगलं. लस गळणाऱ्या चट्ट्यावर चिकट ऑइंटमेंट टिकत नाही, तिथे क्रीम बरं. लावताना केसांच्या दिशेने खाली पसरवायचं. उलटसुलट चोळलं की केसांच्या मुळांशी बारीक पुळ्या येतात आणि त्यांनाच लोक नवा संसर्ग समजतात. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवावं, नाहीतर स्टिरॉइड पातळ होऊन नको तिथे पसरतं. आधी कोणतं लावायचं याने फारसं बिघडत नाही.

डबीत बोटं घालू नयेत, ही सूचना मी पुन्हा पुन्हा देईन. उघड्या तोंडाच्या डब्यांत जिवाणू सापडतात आणि आपणच रोज ते अंगभर लावत बसतो. पंप असलेली बाटली घ्या. डबाच असेल तर स्वच्छ कोरड्या चमच्याने लागेल तेवढं काढून घ्या आणि उरलेलं परत आत टाकू नका. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. मॉइश्चरायझर कपड्यांत आणि चादरींत मुरतं आणि असं कापड आग लागल्यावर फार झपाट्याने पेटतं. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. ज्योत आणि पेटती सिगारेट मुलापासून लांब ठेवा.

आंघोळ रोज चालते. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, म्हणजे स्टॅफला हवी तशी त्वचा आपणच करून देतो. त्याऐवजी साबणविरहित, साधारण ५.५ पीएचचं क्लिन्झर वापरावं. अंग चोळून पुसू नये, टिपून घ्यावं आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं. आंघोळीच्या पाण्यात टाकायच्या तेलकट द्रवांवर खर्च करण्याची गरज नाही; ४८२ मुलांवर झालेल्या 'बेद' (BATHE) चाचणीत २०१८ साली त्यांचा जादा फायदा दिसला नाही. अँटिसेप्टिक द्रव पाण्यात ओतून रोज आंघोळ घालणं तर टाळाच. त्वचा चुरचुरते, आणखी कोरडी पडते आणि इसब वाढतो.

ब्लीचच्या आंघोळीबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून जरा सविस्तर. २००९ साली शिकागोमधल्या ३१ मुलांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र इसब आणि संसर्गाची लक्षणं असलेल्या या सगळ्यांना आधी १४ दिवस सेफॅलेक्सिन दिलं होतं. मग तीन महिने एका गटाला आठवड्यातून दोनदा ब्लीचच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं बसवलं आणि दर महिन्याला पाच दिवस नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावलं. दुसऱ्या गटाला साधं पाणी आणि साधं मलम. पहिल्या गटाचा इसब जास्त सुधारला, आणि तोही पाण्यात बुडणाऱ्या भागांवरच. डोकं-मानेवर फरक दिसला नाही. पुढे २०१७ सालच्या एका विश्लेषणाने सांगितलं की ब्लीचचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सरस ठरत नाही. २०२२ सालच्या दुसऱ्याने सांगितलं की तीव्रता काही प्रमाणात कमी होते. प्रयोगशाळेत तर या विरळ पाण्याने स्टॅफ मरतही नाही, त्यासाठी बरंच जास्त प्रमाण लागतं. फायदा होत असेल तर तो सूज कमी झाल्याने असावा. माझं मत असं: मलमं प्रमाणात आणि नियमित लावूनही वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलासाठी, डॉक्टरांशी बोलून, हा उपाय करून पाहायला हरकत नाही. मलमं टाळण्यासाठी मात्र तो कामाचा नाही.

प्रमाण ०.००५ टक्के. हिशोब सोपा आहे: पाण्याचे लिटर गुणिले ५, भागिले ब्लीचच्या बाटलीवर लिहिलेली सोडियम हायपोक्लोराइटची टक्केवारी, आणि उत्तर येईल तितके मिलिलिटर ब्लीच. २० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं २० मिलि. ८ टक्क्यांचं साडेबारा मिलि. अंदाजाने झाकणं ओतू नका, मापाने घ्या. बाटलीवर टक्केवारी नसेल, ब्लीच सुगंधी किंवा घट्ट जेलसारखं असेल, त्यात साबण मिसळलेला असेल, तर ते वापरू नका. जुनं ब्लीच आपोआप कमजोर होतं, पण म्हणून जास्त टाकायचं नाही. नवी बाटली घ्यायची. आधी पाणी भरा, मग ब्लीच टाकून ढवळा, त्यानंतर मुलाला बसवा. खोलीत हवा खेळती ठेवा, डोकं आणि डोळे बुडवू नका, नंतर साध्या पाण्याने अंग धुऊन लगेच मॉइश्चरायझर लावा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला वासानेही धाप लागू शकते. ब्लीचमध्ये आम्लयुक्त किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. त्वचा खूप फाटलेली, उघडी असेल त्या दिवसांत हे करू नये. मूल किंचाळेल आणि पुढे साध्या आंघोळीलाही तयार होणार नाही.

नाकातला स्टॅफ घालवण्यासाठी २ टक्के म्युपिरोसिन दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस लावतात. घरात एकाच वेळी अनेकांना गळवं येत असतील, तर सगळ्यांनी एकत्र करणं शहाणपणाचं. एकट्या मुलाचं नाक साफ करून बाकीच्यांची तशीच ठेवली, तर तो लवकरच परत येतो. म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड महिनोन् महिने चट्ट्यांवर लावत राहणं मात्र घातक आहे, कारण प्रतिकार करणारे स्टॅफ तिथेच तयार होतात. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांचंही तेच. त्यात निओमायसिन असेल तर त्याचीच ॲलर्जी होऊन इसब आणखी पसरू शकतो.

खरा संसर्ग ओळखायचा तो असा. मधाच्या रंगाच्या खपल्या, एकाएकी वाढलेली लस, पुवाच्या पुळ्या, चट्टा गरम आणि हात लावला तर दुखरा, लाली चट्ट्याच्या बाहेर पसरत चाललेली, एक-दोन दिवसांत झपाट्याने बिघडलेला इसब, ताप, काखेत किंवा जांघेत दुखऱ्या गाठी. नुसती लस किंवा नुसती खपली पाहून ठरवू नका. उफाळलेल्या इसबातही त्या असतात. इसबाची एरवीची तक्रार खाजेची असते. मूल खाजवण्याऐवजी 'दुखतंय' म्हणायला लागलं, तर कान टवकारा. ताप आणि दुखऱ्या, घडीत पसरलेल्या लालीमागे कधीकधी स्टॅफऐवजी स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस असतो. त्याच्यामुळे पुढे मूत्रपिंडांना सूज येऊ शकते, म्हणून त्यानंतरच्या आठवड्यांत लघवी लालसर झाली किंवा चेहरा सुजला तर लगेच दाखवा.

जागा लहान असेल तर फ्युसिडिक ॲसिड दिवसातून तीनदा, ५ ते ७ दिवस पुरतं. संसर्ग पसरला असेल किंवा ताप असेल तर पोटातून फ्लुक्लॉक्सासिलिन किंवा सेफॅलेक्सिनसारखं औषध, मुलाच्या वजनानुसार. कल्चर खरं कामाला येतं ते इथे: पहिलं औषध लागू पडलं नाही, संसर्ग पुन्हा पुन्हा होतोय किंवा एमआरएसएची, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या स्टॅफची, शंका आहे, तेव्हा. स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आणि लस किंवा पू असलेल्या जागेवरून घ्यावा; कोरड्या खपलीवरून घेतलेला फारसा उपयोगी नसतो. संसर्ग झालाय म्हणून स्टिरॉइड बंद करण्याची चूक फार होते. अँटिबायोटिक चालू असताना स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर चालूच ठेवायचं असतं, नाहीतर जिवाणू कमी झाले तरी सूज तशीच राहते. ओल्या पट्ट्या गुंडाळणं मात्र त्या दिवसांत थांबवावं.

एका गोष्टीत दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. एकाच आकाराचे, १ ते ३ मिलिमीटरचे, मधोमध खळगा पडल्यासारखे फोड किंवा गोल व्रण झुपक्याने आले, ते दुखतायत आणि मूल मलूल आहे, तर तो हर्पीसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. वरून स्टॅफही बसलेला असतो, त्यामुळे कल्चर पॉझिटिव्ह येतं आणि दिशाभूल होते. याला असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लागतं आणि तेही तातडीने. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञालाही दाखवावं लागतं. घरात कुणाच्या ओठावर तापानंतर येतात तशा पुळ्या असतील, तर त्या बऱ्या होईपर्यंत त्या व्यक्तीने इसब असलेल्या मुलाचा पापा घेऊ नये.

संसर्ग आटोक्यात आला की उघडलेल्या जुन्या डब्या आणि ट्यूब टाकून द्या, मग त्या अर्ध्या भरलेल्या का असेनात, आणि नव्या काढा. मुलाची नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा आणि त्याच्या चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुऊन घ्या.